छापील माहिती आणि आपल्या घरचें वृद्ध माणूस

सिंदेवाही तालुक्यांतील कोणत्याहि गांवीं भर दुपारीं गेलें असतां कवेलूच्या छपरीखालीं एक तरी वृद्ध माणूस बसलेलें दिसतें. घरचीं कर्तीं माणसें बांधींत, रानांत किंवा नागपूर-पुण्याकडे कामावर गेलेलीं असतात. ह्या वृद्ध माणसाचें पुढें कसें करावें, हा प्रश्न त्या घरांत कधीं मोठ्यानें विचारला जातो, तर कधीं मनांतच राहतो. उत्तरांचा मात्र आज तोटा नाहीं. दवाखान्याच्या भिंतीवर तक्ते लाविलेले आहेत, आकाशवाणीवर व्याख्यानें होतात, वर्तमानपत्रांतून वृद्धांच्या आहारावर लेख येतात, आणि हातांतल्या मोबाईलला विचारलें तर पळभरांत दहा उत्तरें समोर उभीं राहतात. पूर्वीं माहिती मिळत नसे म्हणून माणसें फसत. आतां माहिती मिळाली म्हणजे काम झालें, अशा समजुतीनें फसतात.

वाचकहो, सर्वसाधारण माहितीची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. तिचा उपयोग कोठपर्यंत होतो व कोठें संपतो, एवढेंच ह्या पाठांत पाहावयाचें आहे. भारत सरकारच्या आरोग्य खात्यासाठीं मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें 2017-18 सालीं वृद्धत्वाची देशव्यापी पाहणी केली. 45 वर्षें व त्यांवरील वयाच्या 72,000 हून अधिक माणसांस भेटून त्यांची प्रकृति, मिळकत, घरची स्थिति, दृष्टि, इतकेंच नव्हे तर हाताच्या मुठीचें बळसुद्धां टिपून घेतलें. तिचा अहवाल 2021 च्या आरंभीं प्रसिद्ध झाला. सरकारनें किती दवाखाने काढावे आणि किती चष्मे वांटावे हें ठरविण्यास असा अहवाल फार मोलाचा होय. परंतु सरासरी म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. शंभर वृद्धांपैकीं अमुक इतक्यांस रक्तदाब असतो हें वाचल्यानें आपल्या आजीस तो आहे कीं नाहीं हें कळत नाहीं. तें कळावयास तिच्या दंडास पट्टाच बांधावा लागतो.

आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतील एक उदाहरण घेऊं. गडचिरोलीविषयीं बाहेरच्या लोकांची सर्वसाधारण समजूत अशी कीं, जंगलाचा मुलूख, तेव्हां तेथील माणसें हिंवताप, हगवण व क्षय अशा रोगांनींच मरत असावीं. डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग ह्यांनीं 1986 सालीं स्थापिलेल्या ‘सर्च’ संस्थेनें 2011 ते 2013 ह्या काळांत त्या जिल्ह्यांतील 86 गांवांमधील मृत्यूंची घरोघर चौकशी केली. कोण केव्हां वारलें, आधीं काय काय झालें, हें घरच्यांस विचारून प्रत्येक मृत्यूचें कारण ठरविलें. तेव्हां असें दिसून आलें कीं, सर्व कारणांत पहिला क्रमांक पक्षाघाताचा, म्हणजे आपण ज्यास लकवा म्हणतों त्याचा, होता. दर सात मृत्यूंपैकीं सुमारें एक मृत्यु लकव्यानें झाला होता, आणि त्यांतील बहुतेक माणसें घरींच वारलीं होतीं. हा शोध 2015 सालीं प्रसिद्ध झाला. जंगलांतील माणूस शहरी रोगानें मरत नाहीं ही समजूत कोणीं तपासून पाहिलीच नव्हती. विचारणारा दारांत गेला तेव्हां उत्तर निराळें मिळालें.

आतां लकव्याविषयींची छापील माहिती काय सांगते? तोंड वांकडें झालें, हात लुळा पडला, बोलणें अडखळूं लागलें, तर क्षणाचाहि विलंब न लावितां रोग्यास दवाखान्यांत न्यावें. रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. हें अगदीं खरें आहे. पण कोणत्या दवाखान्यांत न्यावें? तें औषध देण्यापूर्वीं मेंदूचा सीटी स्कॅन काढून रक्तस्राव झालेला नाहीं ना, हें पाहावें लागतें. कारण रक्तस्राव असेल तर तेंच औषध प्राण घेईल. म्हणून जेथें स्कॅनचें यंत्र नाहीं किंवा तें चालविणारा त्या वेळीं हजर नाहीं, अशा ठिकाणीं रोग्यास घेऊन बसणें म्हणजे साडेचार तास ओसरीवर घालविण्यासारखेंच आहे. सिंदेवाहीस ग्रामीण रुग्णालय आहे. चंद्रपूर येथें 2015 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि दोहोंमध्यें मूलवरून जाणारा 70 किलोमीटरांच्या आसपासचा रस्ता आहे. गांव मुख्य रस्त्यापासून आंत असेल तर त्याचा वेळ निराळा. 2014 पासून 108 ह्या क्रमांकावर हांक मारली असतां रुग्णवाहिका येते खरी, पण ती आपल्या गांवापर्यंत किती वेळांत पोंचते, पावसाळ्यांत नाल्याला पूर असतां कोणत्या वाटेनें येते, हें कोणत्याहि पुस्तकांत छापलेलें सांपडणार नाहीं. तें आशाताईस विचारावें, गांवच्या गाडीवाल्यास विचारावें, आणि आजार येण्यापूर्वीं विचारावें.

आणखी एक गोष्ट. लकव्याचीं लक्षणें झोंपेंत सुरू झालीं तर साडेचार तास कोठून मोजावयाचे? डॉक्टर ते रोगी शेवटचा धडधाकट दिसला त्या वेळेपासून मोजतात. म्हणजे बाबा रात्रीं किती वाजेपर्यंत नीट बोलत होते, पाणी मागावयास उठले होते कीं नाहीं, हें सांगणारा कोणी घरांत पाहिजे. ज्या घरीं वृद्ध माणूस एकटेंच निजतें, तेथें ह्या प्रश्नास उत्तर नसतें.

औषधपाणी व पथ्य ह्यांविषयींहि असेंच आहे. एकाच गल्लींत राहणाऱ्या, एकाच वयाच्या दोन वृद्ध स्त्रियांची कल्पना करा. उन्हाळा आला आहे; चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या वर जाणें हें नवलाचें नाहीं. वृद्धपणीं तहान मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी पीत राहावें, मीठ-साखरेचें पाणी घ्यावें, असें सर्वत्र सांगतात. पहिल्या आजीस हा सल्ला जीवदान देणारा आहे. दुसऱ्या आजीचें हृदय दुबळें झालें आहे, पायांवर सूज येते, तिला लघवी होण्याची गोळी चालू आहे, आणि डॉक्टरांनीं पाणी व मीठ दोन्ही मोजून दिलें आहे. तिनें शेजारणीचें पाहून तांब्यावर तांब्या पाणी प्यावें तर रात्रीं दम लागेल. पाणी अगदींच तोडावें तर ह्या उन्हांत त्या गोळीनें अंगांतलें पाणी जाऊन ती भोंवळ येऊन पडेल. तिच्यासाठीं प्रश्न असा आहे कीं, मे महिन्यांत त्या गोळीची मात्रा बदलावी काय? ह्याचें उत्तर तिला तपासणाऱ्या डॉक्टरासच देतां येतें, आणि तेंहि त्यास कोणीं विचारलें तर.

रक्तदाबाची गोळी घेणारें माणूस डॉक्टरासमोर खुर्चीवर बसलेलें असतें आणि त्याचा दाब बसल्या स्थितींत मोजला जातो. घरीं तेंच माणूस पहाटे खाटेवरून एकदम उठतें, दाब खालीं जातो, डोळ्यांपुढें अंधारी येते, आणि उंबऱ्यास ठेंच लागून खुबा मोडतो. आंकड्यांत सर्व ठीक होतें. म्हणून वृद्धांचा दाब उभें करूनहि मोजावा असें चांगले डॉक्टर म्हणतात. पण “माझे बाबा उठतांना भिंत धरतात” हें वाक्य घरच्यांच्या तोंडून निघाल्यावांचून डॉक्टरास तें कसें सुचावें?

मधुमेहाच्या रोग्यास वेळेवर गोळी द्यावी हें सर्वांस ठाऊक आहे. पण रोवण्याच्या दिवसांत घरचीं माणसें पहाटेच निघून जातात. सून सासऱ्याच्या हातावर गोळी ठेवून जाते, भात झांकून ठेवते, आणि म्हातारा एकट्यानें जेवावयाचा कंटाळा करून दुपारपर्यंत तसाच बसतो. कांहीं गोळ्या अशा आहेत कीं अन्न न घेतल्यास रक्तांतील साखर धोक्याच्या खालीं उतरते. माणूस घामाघूम होतें, बरळूं लागतें, बेशुद्ध पडतें. गोळी वेळेवर दिली होती, पण तिच्याबरोबरचें जेवण चुकलें. आणि जेवण म्हणावें तर, शहरांतून छापून आलेला तक्ता सांगतो, भात सोडा व ज्वारीची भाकर खा. ह्या धानाच्या मुलुखांत, जेथें कृषि विद्यापीठाचें भातसंशोधन केंद्र सिंदेवाहीसच आहे, तेथें ज्याच्या तोंडांत चार दांत उरले आहेत त्यानें भाकर कशी चावावी? तो पेज पिऊनच राहणार. तेव्हां भात किती, त्याबरोबर डाळ व मासळी किती, हें त्याच्या ताटाकडे पाहूनच ठरवावें लागतें.

तंबाखूचेंहि पाहा. “तुम्ही तंबाखू खातां काय?” असें दवाखान्यांत विचारलें तर पुष्कळ वृद्ध स्त्रिया प्रामाणिकपणें नाहीं म्हणतात. त्या तंबाखू खात नाहींत. त्या दांतांस नस घासतात. आणि म्हाताऱ्याच्या गालांतला खर्रा त्याच्या मतें सुपारीचा असतो. छापील प्रश्न बरोबर, दिलेलें उत्तरहि त्यांच्या परीनें खरें, आणि तोंडांतला पांढरा चट्टा तसाच राहून गेला.

वृद्धांचा रोग पुस्तकांतल्यासारखा दिसत नाहीं, हें विशेष ध्यानांत ठेवावें. तरुणास न्युमोनिया झाला तर ताप भरतो, खोकला येतो. वृद्धास तोच रोग झाला असतां पुष्कळदां अंग तापतच नाहीं. माणूस जेवत नाहीं, गोंधळतें, नसलेल्या माणसांस हांका मारूं लागतें, एवढेंच. घरचे म्हणतात, वयोमानानें भ्रम झाला. परंतु वयोमानानें येणारा विसराळूपणा महिन्या-वर्षांनीं वाढतो. दोन दिवसांत आलेला भ्रम म्हणजे अंगांत कांहीं तरी बिघडलें आहे, आणि तो बिघाड पुष्कळदां बरा होण्याजोगा असतो. आतां हा भ्रम दोन दिवसांचा कीं दोन वर्षांचा, हें कोण सांगणार? जिनें रोज त्यांस चहा दिला ती सून, किंवा त्यांच्याजवळ निजणारा नातू. येथें घरची माहिती छापील माहितीपेक्षां वरचढ आहे, आणि दुर्दैवानें दवाखान्यांत बहुधा तो मुलगा बरोबर जातो जो परवांच पुण्याहून आला.

कंबर व गुडघे ह्यांविषयीं थोडें सांगून पुढें जाऊं. तीस-चाळीस पावसाळे चिखलांत वांकून रोवणी केलेल्या माणसाची पाठ दुखणारच; पण त्यासाठीं दुकानांतून रोज आणल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या वृद्ध माणसाच्या मूत्रपिंडास व जठरास घातक असून त्यांनीं रक्तदाबहि वाढतो. (अशा गोळ्यांचा एक डबा आमच्याहि घरीं फळीवर होता, तो कोणीं व केव्हां भरला हें कोणास सांगतां आलें नाहीं.) डॉक्टराकडे जातांना हा सर्व डबा पिशवींत घालून न्यावा.

आतां जी गोष्ट कोणत्याहि पुस्तकांत येत नाहीं, तिच्याकडे वळूं. वृद्धांची शुश्रूषा करण्यास घरांत कोणी एक माणूस सतत असावें, असा सल्ला सर्वत्र मिळतो. आपल्या मुलुखांत तें माणूस वर्षाच्या कोणत्या महिन्यांत असतें? पौषा-माघांत कित्येक कुटुंबें मिरची तोडावयास तेलंगणांत जातात. मार्च-एप्रिलांत मोहफुलें वेंचावयास पहाटे निघावें लागतें. मे महिन्यांत तेंदूपानें. जुलै-ऑगस्टांत रोवणा, आणि मग दिवाळीच्या पुढें-मागें कापणी. म्हणजे शुश्रूषेचें वेळापत्रक हें घड्याळावर बसवावयाचें नसून मजुरीच्या हंगामावर बसवावयाचें आहे. जानेवारींत केलेली व्यवस्था जुलैंत मोडते. तेव्हां “कोण सांभाळणार?” असें न विचारतां “मोहाच्या दिवसांत कोण, रोवण्यांत कोण, मिरचीला गेल्यावर कोण?” असें विचारावें. घरांत तितकीं माणसें नसतील तर गल्लींत पाहावें. ज्या घरची मजुरी त्या महिन्यांत बंद असते, तें घर दुसऱ्या घराच्या म्हाताऱ्याकडे दुपारीं डोकावूं शकतें. पुढच्या हंगामांत त्याची फेड होते. रोवण्यांत एकमेकांच्या बांधींत जाण्याची रीत आपणांस नवी नाहीं.

वृद्धांनीं पहाटे मोकळ्या हवेंत फिरावयास जावें, ह्याहून निरुपद्रवी सल्ला कोणता असेल? परंतु सिंदेवाही, नागभीड, मूल, सावली, ब्रह्मपुरी हा वाघांचा मुलूख आहे, आणि पलीकडे ताडोबा आहे. 2025 च्या मे महिन्यांत सिंदेवाही तालुक्यांतील जंगलांत तेंदूपानें तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मरण पावल्या. त्या बिचाऱ्या तर चालत्या-धांवत्या होत्या. ज्यास कमी ऐकूं येतें, कमी दिसतें, व ज्याची चाल मंद आहे, अशा वृद्धास पहाटेच्या अंधारांत गांवाबाहेरच्या वाटेनें धाडणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. त्यास सकाळीं ऊन वर आल्यावर गांवांतल्या रस्त्यानें, कोणाच्या तरी सोबतीनें चालवावें. पहाटे परसाकडे जाण्याची जुनी संवयहि येथेंच विचारांत घ्यावी. घरीं शौचालय बांधलेलें असूनहि वृद्ध माणूस बाहेर कां जातें? पुष्कळदां ह्याचें कारण हट्ट नसून गुडघे असतें. त्यास खालीं बसून उठतां येत नाहीं, आणि उघड्यावर निदान झाडास धरतां येतें. सुताराकडून मध्यें भोंक पाडलेली लाकडी खुर्ची करून घेतली व भिंतीस एक बळकट दांडा ठोकला, तर रात्रींचा अर्धा धोका टळतो.

सरकारी सवलतींविषयीं लोकांत फार घोंटाळा आहे, आणि तो असावयाचाच; कारण वृद्ध कोणास म्हणावें हेंच प्रत्येक ठिकाणीं निराळें आहे. आईबाप व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यांत साठ वर्षांचें माणूस ज्येष्ठ होय. महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेंत पासष्टी पुरी व्हावी लागते, व कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आंत असावें लागतें; तिचें मासिक वेतन 2023 सालीं 1,000 वरून 1,500 रुपये झालें. आयुष्मान भारत योजनेंत 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरीवरील सर्वांस, उत्पन्न न पाहतां, वर्षास पांच लाखांपर्यंतचे उपचार मिळूं लागले. एस. टी. चा प्रवास 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस विनामूल्य झाला. शेजाऱ्यास मिळालें म्हणून मला मिळेल, हा तर्क म्हणूनच चालत नाहीं. त्यांतहि आपल्याकडील कित्येक वृद्धांच्या जन्माची नोंदच नाहीं. आधार कार्डावर अदमासानें 1 जानेवारी ही तारीख पडलेली असते, आणि थोरल्या भावापेक्षां धाकटा कागदावर मोठा ठरतो. हें सर्व गरज पडण्यापूर्वीं तपासून घ्यावें. पांच लाखांचें कार्ड हातीं आलें म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, तें दवाखान्यांत भरती झाल्यावरच्या उपचारांसाठीं आहे. महिन्याच्या महिन्यास लागणारी रक्तदाबाची गोळी, घरीं बसलेल्या सोबत्याची बुडालेली मजुरी, चंद्रपूरच्या फेऱ्या, हें त्यांत येत नाहीं. आणि वृद्धाच्या आजारांत घर बुडतें तें बहुधा ह्याच खर्चांनीं.

जमिनीच्या बाबतींत चूक झाली तर ती औषधाप्रमाणें दुसऱ्या दिवशीं सुधारतां येत नाहीं, म्हणून येथें जरा थांबूं. वारसाविषयीं वर्तमानपत्रांत जें छापून येतें तें बहुतेक 1956 च्या हिंदु वारसा कायद्यास धरून असतें. त्या कायद्याप्रमाणें मुलगा मृत्युपत्र न करतां वारला, तर त्याची विधवा व मुलें ह्यांच्याबरोबर त्याच्या आईसहि वांटा मिळतो. हें वाचून एखादी ख्रिस्ती माता स्वस्थ राहील तर ती फसेल. ख्रिस्ती कुटुंबांस 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे, आणि त्याप्रमाणें मयत मुलास पत्नी व मुलें असतील तर पत्नीस एक तृतीयांश व मुलांस दोन तृतीयांश मिळून आईकडे कांहींच येत नाहीं. आदिवासी कुटुंबांस तर हिंदु वारसा कायदा, केंद्र सरकारनें तशी अधिसूचना काढल्यावांचून, लागूच होत नाहीं. तेव्हां एकाच गांवच्या तीन विधवा मातांस एकाच प्रश्नाचीं तीन उत्तरें आहेत. मुलानें जिवंतपणीं मृत्युपत्र करून आईची सोय लिहून ठेवणें, हा त्यावर उपाय. पण तरुण माणसास मृत्युपत्र करावयास सांगणें आपणांस अशुभ वाटतें.

पोटगीचा हक्क मात्र धर्म पाहत नाहीं. 2007 च्या कायद्यानें उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नाहीं अशा अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे आईबापांस अर्ज करतां येतो, आणि महिन्यास जास्तींत जास्त 10,000 रुपयांपर्यंत रक्कम ठरवितां येते. तो मुलगा, मुलगी, नातू व नात ह्यांस बांधतो. सून व जांवई त्याच्या व्याख्येंत नाहींत. ज्या घरीं मुलगा वारला आहे व जमीन सुनेकडे आहे, तेथें ह्या एका शब्दानें सर्व चित्र बदलतें.

“मी म्हाताऱ्यास सांभाळीन, जमीन माझ्या नांवें करून द्या,” हें वाक्य गांवोगांव ऐकूं येतें. कायद्याचें 23 वें कलम असें आहे कीं, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास, परत मागतां येते. लोक एवढेंच ऐकतात आणि निर्धास्तपणें बक्षीसपत्रावर अंगठा करतात. सर्वोच्च न्यायालयानें 2022 सालीं स्पष्ट केलें कीं, अशी अट होती हें दाखवावें लागेल. नुसतें नातें पुरें नाहीं. 2025 च्या जानेवारींत त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठानें ह्या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताचा लावावा असें म्हणून मध्य प्रदेशांतील एका मातेचें बक्षीसपत्र रद्द केलें. परंतु तेथें मुलाच्या सांभाळाच्या वचनाचा कागद पुढें आलेला होता. तेव्हां अट कागदावर आली पाहिजे, आणि ती दस्त नोंदविण्यापूर्वीं वाचून घेतली पाहिजे. वनहक्काच्या पट्ट्याची गोष्ट आणखी निराळी. 2006 च्या कायद्यानें मिळालेली ती जमीन वारसानें जाते, पण विकतां किंवा दुसऱ्याच्या नांवें करून देतां येत नाहीं. आणि विवाहित दांपत्याचा पट्टा दोघांच्या नांवानें असतो. नवरा वारल्यावर आजीचें नांव त्यावर आधींपासूनच आहे, हें ठाऊक नसल्यामुळें कोणी तिला “तुझें आतां कांहीं नाहीं” असें म्हणूं धजतो.

ह्या सर्व चौकशींत ज्याची व्यवस्था करावयाची, त्याला कोणी विचारीत नाहीं. विशेषेंकरून वृद्ध स्त्रिया बोलत नाहींत. 1989 सालीं डॉक्टर राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन गांवांच्या 650 स्त्रियांच्या तपासणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत शेंकडा 92 स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वीं ज्यांची तशी तपासणी झाली होती अशा फार थोड्या होत्या. त्या वेळच्या तरुण स्त्रिया आज आज्या झाल्या आहेत. अंग बाहेर येणें, लघवी न थांबणें, हीं दुखणीं मुलासमोर निघत नाहींत. म्हातारी सभेस येईनाशी झाली, प्रवासास नको म्हणूं लागली, दिवसभर पाणी पिईना, तर घरचे तिला हट्टी म्हणतात; तिला लुगडें ओलें होण्याची लाज वाटत असते. हें सुनेनें किंवा लेकीनें, एकांतीं, हळूच विचारावें. “माय, तुला रात्रीं कितीदां उठावें लागतें?” एवढ्या साध्या प्रश्नापासून आरंभ केला तरी पुढचें निघतें.

आणि तिला कोठें राहावयाचें आहे हेंहि विचारावें. नागपूरच्या मुलाच्या घरीं डॉक्टर जवळ आहे, दिवे आहेत, खुर्चीचें शौचालय आहे. सर्व तक्ते तेंच घर निवडतील. पण तिसऱ्या मजल्यावर ती दिवसभर दार लावून बसेल, आणि येथें तिच्या ओसरीवर दहा माणसें बोलून जातात. कित्येकांस नागपूरच बरें, ह्यांत संशय नाहीं. कोणती आजी कोणत्या जातीची, हें बाहेरून ठरवितां येत नाहीं.

प्रत्येक घरानें एक कागद करावा. त्यावर चालू असलेल्या गोळ्यांचीं नांवें व वेळा, कोणत्या औषधानें पूर्वीं अंगावर उठलें होतें, उभें असतांना मोजलेला रक्तदाब, स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्याचें नांव, गाडीवाल्याचा क्रमांक, आणि कार्डें व सातबारा कोणत्या पेटींत आहेत, हें लिहावें. तो पेटींत न ठेवितां दाराजवळ खिळ्यास अडकवावा, म्हणजे घरचें कोणी नसतां शेजाऱ्याच्याहि हातीं येईल. कागदाच्या मागल्या बाजूस हंगामांचीं नांवें घालावीं, आणि प्रत्येकासमोर त्या दिवसांत दुपारीं येऊन पाहण्याचें ज्यानें कबूल केलें असेल त्याचें नांव त्याच्याच हातानें लिहवून घ्यावें.